बिरूच्या कपाळावरचा भंडारा

शाळेत मधली सुट्टी नुकतीच झाली होती. शिपाई सांगत आला, "बाई, तुमचा फोन हाय हापिसात." फोन शैलाच्या कॉलेजातून होता. तास संपवून जिना उतरताना ती छाती धरून पायरीवर बसली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं… पलीकडचा माणूस सांगत होता आणि मी नुसतं "हो, हो" म्हणत होते. त्या क्षणी काय वाटलं, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. खरं सांगायचं तर आधी दुःख झालं नाही, आधी भीती वाटली. शैलाच्या खोलीत टेबलाच्या वर बिरूचा फोटो टांगलेला होता. आता त्याचं काय होणार, हा पहिला विचार मनात आला. माझी इतक्या वर्षांची मैत्रीण गेली होती आणि मी मुख्याध्यापकांच्या खोलीत, कधी न पाहिलेल्या, कधीच मरून गेलेल्या एका मेंढपाळाच्या काळजीत उभी होते. रडू आलं ते घरी गेल्यावर.

शैला बारामतीत कॉलेजात इतिहास शिकवायची. मी हायस्कूलात मराठी. आमच्या घरांच्या मध्ये एक गल्ली होती, एवढीच काय ती ओळख. मग ती ओळख वाढत वाढत अशी झाली की माझ्या घरात चहाला तिचा कप ठरलेला. तिनं लग्न केलं नाही. एका खोलीत पुस्तकं, कागद आणि ती. तिच्या शोकसभेत प्राचार्य बोलले, "निर्भीड संशोधक आपण गमावली," आणि मला तशा प्रसंगातसुद्धा हसू आवरेना. निर्भीड? शैलाइतकी भित्री बाई मी पाहिलेली नाही. कुत्र्याला भ्यायची, विजेला भ्यायची, कठडा नसलेल्या विहिरीजवळून जाताना माझा दंड धरायची. आमची एसटी उसाच्या ट्रेलरला मागं टाकायला लागली की डोळे गच्च मिटून घ्यायची आणि "झालं का? गेला का?" म्हणून मला विचारत राहायची. तिच्या तोंडावर मी तिला भित्री भागूबाई म्हणत असे आणि ते तिला मान्य होतं.

नव्वदीच्या सुरुवातीला एका विद्यापीठानं साध्या माणसांच्या घरचे कागद आणि फोटो जमवायचं काम काढलं. सरदार-दरकदारांची दप्तरं पुष्कळ जमली, आता शिंप्याचं, मास्तराचं, मेंढपाळाचं घर संग्रहात यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. बारामती आणि इंदापूरकडचं काम शैलाकडे आलं. लोकांकडून फोटो उसना आणायचा, विद्यापीठात त्याची प्रत काढून घ्यायची आणि मूळ फोटो ज्याचा त्याला पोचता करायचा, अशी पद्धत होती. एकटीनं वाड्यावस्त्यांवर हिंडायची हिंमत नव्हती, म्हणून सुट्टीच्या दिवशी मला बरोबर न्यायची. आणि मग या बाईच्या भीतीत एका नव्या भीतीची भर पडली. "लोकांच्या घरात एकच फोटो असतो गं, कुंदा," ती म्हणायची. "तो माझ्या पिशवीत असताना गाडी उलटली तर?"

"तर आपणही उलटू. मग जाब द्यायला उरतंय कोण?" मी म्हणायचे. ती हसायची नाही. सुप्याला एका शिंप्याच्या घरून लग्नाचे फोटो आणले तेव्हा ऐन उन्हाळा होता, घशाला कोरड पडली होती, पण ही स्टँडवर पाणी प्यायला उतरेना. पिशवी मी धरते म्हटलं तरी उतरेना. मोरगावहून एका निवृत्त मास्तरांचे कागद आणताना पाऊस आला, तर स्वतःची साडी भिजवून पदर पिशवीवर. लोक मात्र तिच्याकडे विश्वासानं वस्तू द्यायचे. एवढी घाबरलेली बाई आपल्याला काय फसवणार, असं त्यांना वाटत असावं.

हौसाबाईंची वस्ती इंदापूरच्या रस्त्याला, एसटी सोडल्यावर बरंच आत. कालव्यालगतचा ऊस संपला की मुरमाड माळ लागायचा, त्या माळावर. पूर्वी मेंढरांमागं फिरणारं घर. आता थोडी जिरायत जमीन, दारात शेरडं, आणि धाकटा मुलगा मारुती साखर कारखान्यात हंगामी कामाला. थोरला बिरू लग्नाच्या आधीच गेला. मेंढरं घेऊन कोकणाकडं गेला असताना अंगावर वीज पडली, तिकडंच माती दिली. आईला त्याचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. जेजुरीच्या जत्रेत रंगवलेल्या पडद्यापुढं बसून काढलेला एक फोटो तेवढा मागं राहिला. हौसाबाई रोज सकाळी वाटीत भंडारा कालवायच्या आणि अंगठ्यानं फोटोतल्या बिरूच्या कपाळाला लावायच्या. चौकटीची काच कधीच फुटली होती, त्यामुळं भंडारा थेट फोटोवर बसत गेला. थरावर थर चढून कपाळावर एक जाड पिवळी खपली तयार झाली होती, भुवयांपर्यंत उतरलेली. हौसाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि त्यांना उजेड-अंधाराखेरीज फारसं काही दिसत नव्हतं.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा वस्तीवरची दोन कुत्री अंगावर आली. शैला माझ्यामागं, माझी साडी मुठीत धरून. बाजेवर बसलेल्या हौसाबाईंनी कुत्र्यांना हाकललं आणि आमचं येण्याचं कारण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कुत्र्याला भ्येनारी बाई माझं पोरगं सांभाळनार व्हय?"

"भिते म्हणूनच नीट सांभाळीन, आजी," शैला म्हणाली.

म्हातारीला ते उत्तर आवडलं असावं. पण नुसत्या शब्दावर फोटो देणारी ती नव्हती. "पितरपाटाच्या आधी माघारी पायजे. म्हाळाच्या दिशी त्याच्या म्होरं पान वाढते मी. बेलभंडारा उचला," म्हणाली. देव्हाऱ्यातला भंडारा आणि बेलाचं पान शैलाच्या तळहातावर ठेवलं गेलं. जसा नेला तसा आणून देईन, अशी शपथ शैलानं घेतली. तिचा देवाधर्मावर काडीचा विश्वास नव्हता. तरी परतीच्या एसटीत तिनं तो पिवळा तळहात कितीतरी वेळ उघडाच धरून ठेवला होता. पुसायची तिची छाती झाली नाही.

विद्यापीठातून फोटो परत घ्यायला आम्ही दोघी गेलो. संग्रहाचं काम बघणारे गृहस्थ भले होते, हसतमुख होते. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, तुमच्या त्या मेंढपाळाच्या फोटोवर आमच्या लोकांनी फार मेहनत घेतली बरं का. कपाळावर केवढा डाग होता! पण नशीब, खालचा चेहरा शाबूत निघाला." आणि त्यांनी बटरपेपरातून फोटो काढून टेबलावर ठेवला. स्वच्छ, लख्ख कपाळाचा एक तरुण आमच्याकडं बघत होता. फेट्याखालून कपाळावर आलेली केसाची एक बटसुद्धा दिसत होती. शैलाचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं ही आता खुर्चीवरून खाली येते.  मग तिनं विचारलं, "ते जे काढलं ते कुठंय?"

"म्हणजे?"

"तो भंडारा. कुठं टाकला?"

गृहस्थ माझ्याकडं बघायला लागले. कापसाचे बोळे होते, ते कधीच कचऱ्यात गेले, असं त्यांनी सांगितलं. त्यांचं तरी काय चुकलं म्हणायचं? जुना फोटो हातात आला की त्याच्यावरची घाण काढायची, हे त्यांचं कामच. घाण कुठली आणि आईचा हात कुठला, हे त्यांना फोटो बघून कळणार कसं? पण शैला जिन्यावरून उतरताना भिंतीला हात लावून उतरत होती. गाडीत मी तिला म्हटलं, "म्हातारीला दिसत नाही. वाटेत थोडा भंडारा घेऊ आणि लावू." तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढं इंदापूरच्या फाट्यापर्यंत तोंड उघडलं नाही.

वस्तीवर पोचलो तेव्हा मारुती दारातच होता. हौसाबाईंनी दोन्ही हात पुढं केले. शैलानं फोटो हातात दिला आणि म्हातारीचा अंगठा सरळ कपाळावर गेला. तिथं काही नव्हतं. अंगठा खाली नाकावर आला, पुन्हा वर गेला, कडेनं फिरला… फोटो उलटा करून पाठीवरही फिरला. "ह्यो कोन?" हौसाबाईंनी विचारलं.

"बिरूच आहे, आजी," शैला म्हणाली आणि तिनं काय झालं ते सगळं सांगून टाकलं. 

"ह्यो माझा बिरू न्हाय. बदलला तुमी."

"आये, त्योच हाय. मला दिसतोय की," मारुती म्हणाला.

"तुला काय ठावं? तू रांगत हुतास."

मारुती आमच्याकडं वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "आईचा ल्योक दुसऱ्यांदा गेला, बाई." तो रागावला असता तर बरं झालं असतं. शैलानं कसंबसं विचारलं, "मी काय करू, आजी? तुम्ही सांगाल ते करते."  हौसाबाईंनी फोटो शैलाच्या मांडीवर टाकला. "जसा नेला तसा देनार हुता न्हवं? मग करा तसा. रोज लावा. माझ्या अंगठ्याला लागला की घीन ठेवून." यात माया नव्हती, हे मी मुद्दाम सांगते. म्हातारी चिडली होती आणि तिला शिक्षाच द्यायची होती. परत येताना मी तणतणत होते, की हट्टी आहे, सूड उगवतेय. शैला मात्र पिशवी छातीशी धरून म्हणाली, "कुंदा, भंडारा कुठं मिळतो गं?"

त्या दिवसापासून हे सुरू झालं. आंघोळ झाली की आधी बिरू, मग चहा. जेजुरीकडचे विद्यार्थी भंडारा आणून द्यायचे आणि मॅडम एकदम खंडोबाच्या भक्त झाल्या म्हणून आपसांत हसायचे. "मी एका ऐतिहासिक पुराव्याची रोज नासधूस करतेय," ती म्हणायची. पण हे काम वाटलं तितकं सोपं नव्हतं. उन्हाळ्यात थराला तडे जायचे. एका सकाळी अख्खी खपलीच गळून पडली, तर ही कागदावर ती खपली घेऊन, पायात चप्पल न घालता माझ्या दारात, "पडला गं! पडला!" मला वाटलं कुणी माणूसच पडलं. पावसाळ्यात बुरशी धरायची, मग ती तासन् तास फोटो हातात धरून पंख्याखाली बसायची. परगावी जायचं झालं तर मी म्हणायचे की किल्ली दे, मी लावत जाईन. ते तिला चालायचं नाही. बोट बदललं आणि म्हातारीला कळलं तर? म्हणून बिरू तिच्याबरोबर परगावीही जायचा.

दर वर्षी पितृपक्षाच्या आधी आम्ही वस्तीवर जायचो. शैला आदल्या दिवसापासून जेवायची नाही, परीक्षेला बसल्यासारखी तिची गत. हौसाबाई अंगठा फिरवायच्या आणि म्हणायच्या, "न्हाय." एवढंच. मग भाकरी व्हायची, चहा व्हायचा. हळूहळू असं झालं, की आमची चाहूल लागली की म्हातारीचा आवाज ऐकू यायचा, "कुत्री बांध रं मारत्या, भित्री बाई आली जनू." शैलानं आणलेली खारी बिस्किटं त्या चहात बुडवून खायच्या, आणि शैलाचा दंड चाचपून, अंगावर मांस का चढत नाही यावरून तिला बोलायच्या. तरी अंगठा फिरला की "न्हाय" ते न्हायच. दर वर्षी त्या आणखी वाकलेल्या दिसायच्या आणि शैलाची भीती वाढायची. "त्या गेल्या तर मी हा परत कुणाला करू?" कॉलेजात कुणी इंदापूरकडचा माणूस भेटायला आला आहे म्हटलं की ही आधी हौसाबाई गेल्या असंच समजायची. जगातल्या सगळ्या भीती तिनं बाळगून पाहिल्या. आपणच आधी जाऊ, ही एक तेवढी तिला कधी सुचली नाही.

ती गेल्यावर तिचे भाऊ आले, खोली रिकामी करायला लागले. विद्यापीठातून निरोप आला की शैलाताईंचे स्वतःचे कागद, टिपणं आणि फोटो आम्हाला संग्रहात ठेवायला आवडतील. भाऊ हो म्हणाले, मलाही ते योग्यच वाटलं. विद्यापीठाचा माणूस खोकी घेऊन आला. हातमोजे घालून एकेक वस्तू कागदात गुंडाळून ठेवत होता, आणि मी भिंतीला टेकून बघत होते. आयुष्यभर जिनं दुसऱ्यांची घरं खोक्यात भरली, ती आता स्वतः खोक्यात चालली होती. मग त्यानं भिंतीवरचा बिरू उतरवला, उलटा केला, मागचा पेन्सिलीचा आकडा वाचला. "हा आमच्याकडे येऊन गेलेला दिसतोय. परत साफ करावा लागेल," तो म्हणाला. मी त्याच्या हातातून तो ओढूनच घेतला. "हा परत करायचाय," एवढंच मला बोलता आलं. तो बिचारा बघतच राहिला.

दोन दिवसांनी मी एकटी इंदापूरच्या गाडीत बसले. पिशवीत बिरू होता. उसाचा ट्रेलर समोर आला आणि मी डोळे मिटले, हे मी मिटल्यावर मला कळलं. वस्तीवर मी येणार हे कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळं कुत्री मोकळी होती. मारुतीनं धावत येऊन त्यांना आवरलं. हौसाबाई बाजेवर होत्या. "कोन? भित्री बाई का?" मी जवळ जाऊन शैला गेल्याचं सांगितलं. त्यांनी हात पुढं केला. मी फोटो दिला. अंगठा कपाळावर टेकला आणि तिथंच थांबला.

मी शैलाला आयुष्यभर भित्री म्हणून चिडवलं, पण त्या वेळी मला जी भीती वाटली ती कुणाला सांगता येणार नाही. आता "न्हाय" म्हणाल्या तर मी काय करणार होते? आता लावायला ते बोटच राहिलं नव्हतं… अंगठा हळूहळू फिरत होता. मग हौसाबाई म्हणाल्या, "लई दिस झालं लागतोय अंगठ्याला."

"म्हणजे?"

"तीन-चार पितरपाट झालं आसत्याल. लागत हुता."

मला क्षणभर कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा असा संताप आला की वयाचा, कशाचा मुलाहिजा राहिला नाही. "मग का नाही म्हणालात? ती रोज भीत होती, आजी! जेवत नव्हती इथं यायच्या आधी. तुम्ही जाल म्हणून भीत होती, थर पडेल म्हणून भीत होती…" माझा आवाज चढला तशी कुत्रीसुद्धा उठून उभी राहिली. मारुती मान खाली घालून जमिनीवर रेघा ओढत होता.

"मी बी भ्येत हुते," हौसाबाई म्हणाल्या. "ठिवून घेतला आसता, तर बाई माघारी कशाला आली आसती?"

 मी बाजेच्या कडेला बसले आणि आम्ही दोघी रडलो. शैलासाठी मोकळेपणानं रडले ते तिथं. बऱ्याच वेळानं म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. फोटो मांडीवर होता, अंगठा अजून शैलाच्या त्या थरावरच होता. "तिला म्हागं पोरबाळ न्हाय न्हवं? औंदा म्हाळाला तिच्या म्होरं बी पान वाढते. फोटो हाय का तिचा?"

फोटो… शैलाचा फोटो. कॉलेजच्या घोळक्यात मागं उभी राहिलेली असेल कुठंतरी. तिचा म्हणता येईल असा एकच होता. एका वर्षी विद्यापीठाचा फोटोग्राफर आमच्याबरोबर याच वस्तीवर आला होता, त्या दिवशी एक कुत्रं सुटलं आणि त्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला. माझ्या पाठीमागून शैलाचं अर्धं तोंड दिसतंय, डोळे फाटलेले, माझा पदर तिच्या मुठीत. तो तिच्या कागदांबरोबर खोक्यातून गेला होता. मी हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, "पण आजी, तो कसला पुढं ठेवायचा! त्यात ती घाबरलेली आहे."

"त्योच आना," हौसाबाई म्हणाल्या. "आमाला बाई तशीच ठावी हाय."

मी त्याच दिवशी घरी येऊन विद्यापीठाला पत्र लिहिलं, की तो फोटो थोड्या दिवसांकरता उसना द्यावा, मी स्वतः परत आणून देईन. पितृपक्ष तोंडावर आलाय आणि उत्तर अजून आलेलं नाही. गल्लीत पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की मी डोळे गच्च मिटून घेते.